दुसरी बातमी

घडायच्या आधीच गोष्ट घडली म्हणून सांगायची खोड आमच्या दाजींना पहिल्यापासून होती. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, रत्नम्माअक्काचे मालक, उदगीरचे सिद्रामप्पा मास्तर. उदगीरचा जिल्हा होणार अशी आवई आमच्याकडं दर पंधरा ऑगस्टला आणि दर सव्वीस जानेवारीला उठते. लोक ऐकतात, चहा पितात आणि कामाला लागतात. दाजींनी मात्र नोकरीतून मोकळं झाल्यावर क्लास काढला, तेव्हा पाटीवर रंगवूनच घेतलं, 'मु. पो. उदगीर, जि. उदगीर'. पेंटर म्हणाला, "सर, अजून जिल्हा लातूरच हाय की." दाजी म्हणाले, "तू रंगव. जिल्हा मागून येतो."

मी शरणप्पा. निलंग्याला माझं कापडाचं दुकान आहे. माझा स्वभाव दाजींच्या नेमका उलट. कापड फाडून गिऱ्हाइकाच्या पिशवीत पडल्याशिवाय मी विक्री झाली असं धरत नाही. त्यामुळं दाजींचं आणि माझं जमायचं ते थट्टेतच. ती पाटी पाहून मी म्हणालो, "बाजारात तुरी, दाजी." ते हसले. मनानं माणूस मोठा होता, हे मी आजही म्हणेन. पण बोललं की होतं, हा जो त्यांचा भरवसा होता, त्याचं मला पहिल्यापासून भ्या वाटायचं.

उभा जन्म त्यांनी ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवलं, आणि शिकवलं ते आमच्या लातूरच्या पद्धतीनं. तोच पेपर पुन्हा, तेच उत्तर पुन्हा, पोराला झोपेत विचारलं तरी बिनचूक यावं इतकं पुन्हा. या रीतीनं आमच्याकडं डॉक्टर झाले, इंजिनिअर झाले, तिला नावं ठेवायला मी कोण? मग दाजींच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं इंग्लंडातून फोन केला. तिकडं बारावी झालेल्या परदेशी पोराला एकदम पदवीला घेत नाहीत म्हणे. आधी एक वर्ष तयारीचं. निबंध कसा मांडायचा, वर्गात प्रश्न कसा विचारायचा, मास्तरांचं पटलं नाही तर तसं कसं सांगायचं, हे त्या वर्षात शिकवतात. आणि त्या वर्षाला घेण्याआधी इंग्रजीची परीक्षा, स्वतःबद्दल लिहिलेलं एक पानभर निवेदन आणि संगणकावर समोरासमोर मुलाखत.

"मास्तरला उलट बोलायला शिकवायला अख्खं वर्ष?" मी म्हणालो. "आमच्याकडं ते पोरांना आपोआप येतं, आणि वर छडी मिळते."

दाजींच्या डोक्यात मात्र किडा शिरला. डॉक्टर करता येतो तर इंग्लंडला का धाडता येऊ नये? घराच्या पुढच्या खोलीत क्लास सुरू झाला. उदगीर, देवणी, देगलूरची पोरं आली. सिंधु नावाची एक मुलगी तर पार इस्लापूरहून येऊन इथं मावशीकडं राहिली.

पहिल्या वर्षी सगळ्यांनी एकच निवेदन पाठ केलं. त्यात मला डोंगर चढायला आवडतं, असं होतं. मुलाखत घेणाऱ्यानं एकाला विचारलं, कुठला डोंगर? पोरानं पुढच्या प्रश्नाचं उत्तर धडाधड म्हणून टाकलं. सगळे नापास. एकटा ग्यानोबा पास झाला. त्या पोराचा बाप त्याच उन्हाळ्यात वारला होता. मुलाखतीत त्याला पाठ केलेलं काही आठवेना, तो हुंदके देत राहिला, आणि मग तुटक्यामुटक्या इंग्रजीत जे मनात होतं ते बोलला. त्याला घेतलं, वर फीसुद्धा माफ केली.

यातून शहाण्या माणसानं काय शिकावं? पोरगं स्वतःचं बोललं म्हणून निभावलं, हेच ना? दाजींनी काढलेला धडा वेगळा होता. बाप मेला म्हणून जमलं, असं त्यांनी धरलं. आणि एकदा धरलं की त्याचा पॅटर्न व्हायला वेळ कितीसा लागतो!

दुसऱ्या वर्षी त्यांनी प्रत्येक पोराच्या वाट्याला एकेक मरण दिलं. मी तेव्हा कामानिमित्त उदगीरला गेलो होतो, दारात बसून ऐकत होतो. याला आजोबा, त्याला काका, असं वाटप चाललं होतं.

"सिंधु, तुला आजी."

"सर, माझी आजी हाय की अजून."

"असू दे. तिला कुठं इंग्रजी येतंय?"

पोरं हसली. मीही हसलो. मग सगळी पोरं एका सुरात म्हणायला लागली. माझे आजोबा वारले, माझे काका वारले, माझी आजी वारली. इंग्रजीतच, पण मला तेवढं इंग्रजी कळतं. आत अक्का भाकरी थापत होती. तिला इंग्रजीचा गंध नाही. पोरं काहीतरी प्रार्थना म्हणतात अशा समजुतीनं तीही त्या सुरात मान हलवत होती. घरात वाईट बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते, असं आम्हाला वाढवणाऱ्यांनी सांगितलेलं. त्या दिवशी जेवणावरनं माझं मन उडालं.

चैत्रात सिंधुची आजी गेली. वय झालं होतं, ऊन तर विचारू नका, तेव्हा त्यात नवल काही नव्हतं. सिंधु गावी गेली ती परत आली नाही. दाजींनी निरोप धाडला की आता तर तुझं निवेदन खरं झालं, ये. तिच्या मावशीनं पुन्हा या दारात पाऊल ठेवलं नाही.

हे सगळं दोन हजार सोळाच्या उन्हाळ्यातलं. लातूरला आगगाडीनं पाणी येत होतं तो उन्हाळा. उदगीरच्या नळांना धार कधी यायची ते देवाला ठाऊक. प्रत्येक दारापुढं पिंप आणि प्रत्येक पिंपाला राखण. माणसांचे हाल होतेच, पाखरांचे तर त्याहून. कावळे इतके धीट झाले होते की पिंपाच्या काठावर येऊन बसायचे, हुसकलं तरी उठायचे नाहीत. एका सकाळी दाजी पिंपाशेजारी पेपर वाचत बसले होते. मी आणि अक्का ओट्यावर होतो. आमच्या डोळ्यांदेखत एक कावळा उतरला, दाजींच्या टकलावर नख्या रोवून क्षणभर बसला आणि पाण्यात चोच घालून उडाला. डोक्यावर रक्ताची बारीक रेघ उमटली.

अक्काच्या हातातलं सूप खाली पडलं.

आमच्या भागात डोक्याला कावळा शिवला की त्या माणसावर मरणाचं सावट आलं असं धरतात. उपाय ठरलेला आहे. त्या माणसाच्या मरणाची खोटी बातमी लांबच्या नातेवाइकाला धाडायची. तिथं कुणी खरोखर रडलं, दोन टिपं पडली, की आपलं काम झालं समजून मरण माघारी फिरतं. मग लगोलग दुसरी बातमी धाडायची की माणूस जिवंत आहे, साखर वाटा. ती पोहोचली म्हणजे फेरा पुरा झाला. आमच्या चुलत्याच्या वेळी आजीनं असाच ऊर बडवून घेतला होता, आणि सांजेला हातावर साखर आल्यावर पहिली बातमी आणणाऱ्याच्या सात पिढ्या उद्धरल्या होत्या. दुसरी बातमी राहिली तर काय होतं, हे मात्र मला कुणी सांगितलं नाही. ती कुणी राहूच देत नसे.

"भालकीच्या मावशीला फोन करा," अक्का म्हणाली. "आत्ताच्या आत्ता."

"अगं, आपण लिंगायत. आपल्यात कावळ्याला कुठं मान हाय?"

"आपण कोण हाव ते कावळ्याला म्हाईत हाय का?"

दाजींनी डोक्यावरचं रक्त पुसलं, आणि त्यांची नजर दारात उभ्या शिवगंगेवर गेली. ती नजर मी विसरलेलो नाही. त्यात भीती अजिबात नव्हती, गिऱ्हाईक आयतं चालून आल्यावर दुकानदाराच्या डोळ्यांत येते ती चमक होती.

शिवगंगा ही त्यांची एकुलती एक लेक, लग्नानंतर फार उशिरा झालेली. नुकतीच बारावी झाली होती. तिला जमिनीखालच्या पाण्याचा अभ्यास करायचा होता, तोही तिकडं जाऊन. हे वेड तिचं स्वतःचं. आमच्याकडं तळहातावर नारळ आडवा धरून रानात फिरणारा पाणाड्या असतो. नारळ उभा राहील तिथं बोअर घेतात. शिवगंगा लहानपणापासून त्याच्या मागं हिंडायची आणि विचारायची की नारळाला कसं कळतं? पाणाड्या तिला हाकलायचा. तिनं स्वतःचं निवेदन लिहिलं होतं ते यावरच. मला तिनं त्याचा अर्थ मराठीत सांगितला तेव्हा मी पोट धरून हसलो होतो आणि शेवटचं वाक्य तिला पुन्हा म्हणायला लावलं होतं. पाणी लागलं की नारळाची पूजा होते आणि नाही लागलं की जमिनीला शिव्या बसतात, असं ते वाक्य होतं. दाजींनी ते एका मिनिटात बाद केलं. "नारळ इंग्लंडात चालत न्हाई," म्हणाले.

आता ते अक्काला म्हणाले, "बातमी पाठवायचीच हाय ना? मग भालकीला कामून? पार इंग्लंडला पाठवू."

"तिथं कोन रडनार तुमच्यासाठी?"

"रडतेत. ते माझ्याकडं लागलं."

अक्का भोळी. लांबचं माणूस जितकं लांब तितकं बरं, असा तिनं हिशेब केला. "पन दुसरी बातमी ध्यानात ठिवा," ती म्हणाली. "उघडी ठिवायची नसती ती."

"हाव, हाव," दाजी म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून शिवगंगेची तयारी सुरू झाली. ती म्हणाली, "अप्पा, मला दुसरं कुनी द्या." आजोबा मागितले, आत्या मागितली. दाजी म्हणाले, "त्याला वजन न्हाई." मी पुढच्या वेळी गेलो तेव्हा ते पाहिलं. लेक समोर बसून म्हणतेय, या दुष्काळात माझे वडील वारले, आणि बाप समोर बसून दुरुस्त्या करतोय. इथं थांब. इथं खाली बघ. 'वारले' म्हणताना आवाज खाली घे. पुन्हा. पहिले काही दिवस ती रडायची, असं अक्कानं सांगितलं. नंतर रडायची थांबली. मी पाहिलं त्या दिवशी ती बापाच्या डोळ्यांत बघून ते वाक्य असं सफाईनं म्हणाली की मी उठून बाहेर गेलो.

"दाजी, बास करा," मी ओट्यावर त्यांना म्हणालो. "दुसरं काही बोलू द्या तिला. तिचं नारळाचं लई चांगलं होतं."

"शरणप्पा, तू कापड विक," ते म्हणाले. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच बोलले, "माझ्याकडं तिला द्यायला दुसरं काय हाय रे?"

खरंच त्यांच्याकडं दुसरं काही नव्हतं.

मुलाखत भर दुपारी होती, तिकडं तेव्हा सकाळ. संगणकापुढं शिवगंगा, आणि संगणकाच्या पाठीमागं, कॅमेऱ्याला दिसणार नाही असे, दाजी. मला दारात उभं केलं होतं, टँकर आला तर बायकांना गल्लीच्या तोंडाशीच थोपवायला. सुरू व्हायच्या आधी दाजी तिला एवढंच म्हणाले, "आवाज खाली घे." मग पडद्यावर एक बाई आल्या. केस पांढरे, चष्मा, चेहरा मायाळू. शिवगंगेनं सगळं पॅटर्नप्रमाणं म्हटलं. जिथं थांबायचं तिथं थांबली, जिथं खाली बघायचं तिथं बघितलं. बाईंनी मान कलती केली आणि एक प्रश्न विचारला. तो दाजींच्या कुठल्याच सरावात नव्हता. त्यांनी विचारलं, तुझे वडील शेवटचं काय बोलले तुझ्याशी?

शिवगंगेनं पडद्यावरून नजर वर उचलली आणि पलीकडं बसलेल्या बापाकडं बघितलं. नेमकी त्याच वेळी दाजींना खोकल्याची उबळ आली. त्यांनी उपरण्याचा बोळा तोंडात कोंबला. डोळ्यांत पाणी, मानेच्या शिरा तट्ट, पण आवाज नाही. मेलेल्या माणसाला खोकता येत नाही ना! बाहेर पिंपावर कावळे ओरडत होते. शिवगंगा बघत राहिली, बघत राहिली, आणि मग म्हणाली, "ते म्हणाले, आवाज खाली घे."

आणि ती रडली. पाठ केलेलं रडणं नव्हतं ते. ती हमसाहमशी रडली. पडद्यावरच्या बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले.

बातमी पोहोचली होती. टिपंही पडली होती. तिला घेतलं आणि फी माफ झाली. दाजींनी गल्लीभर पेढे वाटले. अक्का त्यांच्या मागं मागं, "आता दुसरी बातमी धाडा." दाजी म्हणाले, व्हिसा येऊ दे. व्हिसा आला. मग म्हणाले, ती तिथं पोचू दे. भाद्रपदात आम्ही जीप करून तिला हैदराबादला विमानात बसवलं. परतताना पाऊस असा कोसळत होता की काच पुसून पुसून डायव्हरचा हात दुखला. सगळ्या गावाला आनंद झाला होता. अक्का मात्र मागच्या सीटवर पदराला गाठी मारत होती. घरी आल्यावर तिनं पुन्हा विचारलं. दाजी म्हणाले, तिचं वर्ष होऊ दे. आणि वर म्हणाले, पदवीच होऊ दे, मग बघू.

"म्हंजी किती वरसं तुमी मेलेले ऱ्हानार?" अक्का म्हणाली. दुसरी बातमी गेली तर पोरीची जागा जाते, हे एव्हाना तिला कळलं होतं. तिच्या लेकीनंच जाण्याआधी सांगितलं होतं.

तिकडं शिवगंगेच्या खोलीत सोलापूरची एक मुलगी राहत होती. तिला मराठी कळायचं, आणि शिवगंगेला बाप नाही हे तिलाही ठाऊक होतं. त्यामुळं फोनवर अप्पा म्हणायची सोय उरली नाही. पहिल्यांदा मी तिथंच होतो. दाजींनी फोन कानाला लावला, मला ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला. पलीकडून लेक म्हणाली, "हां मामा, मी बरी हाय. तुमी कसे हाव?"

दाजींनी माझ्याकडं बघितलं. मग म्हणाले, "बरा हाय, बाई. सगळे बरे हाव." फोन बंद केल्यावर मला म्हणाले, "पोरगी हुशार हाय." पण हातातला फोन कुठं ठेवावा हे त्यांना कळत नव्हतं.

त्यानंतर दाजी स्वतःला पुसायला लागले. तिकडच्या कुणाला दिसू नये म्हणून क्लासच्या पाटीवरचं आपलं नाव रंगानं झाकून टाकलं. जि. उदगीर तेवढं राहिलं. कुणाच्या फोटोत यायचं नाही, म्हणून लग्नाला जाणं सोडलं. बसवजयंतीच्या मिरवणुकीत जन्मभर पुढं चालणारा माणूस, त्या वर्षी खिडकीच्या फटीतून बघत बसला. भिंतीवरचा आपला आणि अक्काचा जोडीचा फोटो त्यांनी काढून फडताळात घातला. अक्का म्हणाली, "ऱ्हाऊ द्या की." ते म्हणाले, "कुनी फोटो काढला घराचा तर?" मी चिडून म्हणालो, "दाजी, उदगीरच्या तुमच्या भिंतीकडं बघायला इंग्लंडातलं कोण मरतंय?" हळूहळू गल्लीतली माणसंही त्यांना हाक मारायची विसरली. मेलेल्या माणसाच्या मागं जी आवराआवर करायची असते, ती दाजींनी जिवंतपणीच आपल्या हातांनी केली.

लेकीचं पहिलं वर्ष सरायच्या आतच, वैशाखात त्यांचे डोळे पिवळे झाले. कावीळ म्हणाले, मग डॉक्टर यकृत म्हणाले, मग लातूरच्या दवाखान्यात हलवलं. नाकात नळी, हाताला सलाईन. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की ज्यांना भेटायचं त्यांना बोलावून घ्या. दाजींनी मात्र माझा हात धरून बजावलं, "तिला कळवायचं न्हाई. परीक्षा हाय तिची." अक्का त्यांच्या उशाशी बसून एकच म्हणत होती. तिच्या आवाजात राग नव्हता. "दुसरी बातमी ऱ्हायली. फेरा उघडा हाय. म्हनून हे हून ऱ्हायलंय."

माझा अशा गोष्टींवर विश्वास आहे का? दुकानात बसून विचाराल तर नाही म्हणेन. त्या वॉर्डात, त्या पिवळ्या डोळ्यांसमोर, मला तो कावळा दिसत होता. मी जिन्यात जाऊन दाजींच्याच फोनवरून शिवगंगेला फोन लावला.

"हां मामा, बोला," ती हसत म्हणाली. मागं त्या सोलापूरच्या मुलीचा आवाज येत होता.

"शिवगंगे," मी म्हणालो, "मी खराच मामा बोलून राहिलो."

मग तिनं भर खोलीत, त्या मुलीसमोर विचारलं, "माझे अप्पा हायत ना?"

"हायत. पण ये."

तिला नुसतं यायचं असतं तर मामा आजारी आहे म्हणून आठवडाभर येता आलं असतं. परीक्षा नंतर देता आली असती, पुढची सगळी वर्षं शाबूत राहिली असती. तिनं तसं केलं नाही. ती सरळ विद्यापीठाच्या ऑफिसात गेली आणि म्हणाली, माझे वडील जिवंत आहेत. मी खोटं बोलले. ते आजारी आहेत, मला त्यांच्याकडं जायचंय. हे तिनं मला नंतर सांगितलं. मुलाखत घेणाऱ्या बाईही तिथं होत्या. कुणी आवाज चढवला नाही. खोट्यावर मिळालेली जागा ठेवता येणार नाही, एवढंच शांतपणे सांगितलं. बाहेर पडताना त्या बाईंनी तिला विचारलं, पण तू तेव्हा रडलीस ते तर खरं होतं? शिवगंगा म्हणाली, हो. ते समोरच बसले होते.

ती आली तेव्हा दाजींच्या डोळ्यांतला पिवळेपणा उतरायला लागला होता. औषधानं की कशानं, मी त्यात पडत नाही. शिवगंगेनं दारातूनच अक्काला सांगितलं, "अव्वा, बातमी दिली." अक्का उठली, कॅन्टीनमधून साखर आणली आणि वॉर्डातल्या प्रत्येक खाटेपाशी जाऊन चिमूटचिमूट हातावर ठेवली. लोक विचारत होते, काय झालं बाई, मुलगा का मुलगी? ती म्हणत होती, "मालक."

दाजींनी डोळे उघडले. लेकीला बघितलं, तिची भली मोठी बॅग बघितली, आणि सगळं त्यांच्या ध्यानात आलं. मास्तर होते, त्यांना समजावून सांगावं लागलं नाही.

"मला जिवंत कशाला केलंस गं?" ते म्हणाले. "बरा होतो की मी मेलेला."

शिवगंगेनं त्यांचे पाय धरले. ते भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. लेकीसमोर मी त्यांना तेव्हाच एक कानफटात द्यावी असं मला वाटलं, आणि त्याच वेळी त्यांच्या गळ्यात पडून रडावं असंही वाटलं.

दाजी जगले. अजून आहेत. शिवगंगा औरंगाबादला भूगर्भशास्त्र शिकली, तिथं तिला कुणी बापाबद्दल विचारलं नाही. आता उदगीरलाच असते. रानारानांत जाऊन बोअरच्या जागा दाखवते, नारळाशिवाय, आणि सांजेला पुढच्या खोलीत क्लास घेते. बाहेर जाऊ इच्छिणारी पोरं अजून येतात. ती त्यांना काही पाठ करू देत नाही, म्हणून पालक कुरकुरतात. जिल्हा आज होतो, उद्या होतो, असं अजून चाललेलंच आहे.

दाजी ओट्यावर खुर्ची टाकून बसतात, पाटीच्या बरोबर खाली. तिच्यावरचा तो रंग त्यांनी कुणाला खरवडू दिलेला नाही. लेकीशी ते बोलतात, पण जेवणापुरतं, औषधापुरतं. परवा मी गेलो होतो. एक पालक पोराला घेऊन आला आणि दाजींनाच विचारायला लागला, "सिद्रामप्पा सर हायत का?"

दाजींनी पेपरातून मान वर केली. "न्हाईत," म्हणाले. "सर न्हाईत आता."

आतून शिवगंगा ओरडली, गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू जावं अशा आवाजात. "हायत! अप्पा हायत! बसा, समोरच हायत!"

तो माणूस गोंधळून दोघांकडं बघत राहिला. अक्का मला म्हणाली, हे रोजचंच आहे. जो येईल त्याला ते असंच सांगतात, आणि ही रोज आतून ओरडते. घसा बसला तरी ओरडते.